भाकरीचे चतकोर आणि पुलाचा आकडा

वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

सांगलीच्या एका अध्यापक विद्यालयात मी २९ वर्षं बालमानसशास्त्र शिकवलं. दर जुलैला फळ्यावर विकासाच्या अवस्थांचा तक्ता काढायचा. डावीकडे वय, मधे अवस्था, उजवीकडे लक्षणं. मुली तो पट्टीने रेघा मारून वहीत उतरवायच्या आणि परीक्षेत तसाच्या तसा लिहायच्या. आता तोच तक्ता फोनवर फिरतो आणि लोक त्यावर घरातली माणसं मापायला लागलेत. या महिन्याच्या निम्म्या पत्रांत एकच चौकशी आहे: वयाप्रमाणे हे बरोबर आहे का? त्यातली चार पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. मुलगी साडेपाच वर्षांची. अख्खी भाकरी वाढली की 'एवढीशीच?' म्हणून रुसते. तिच्यासमोरच त्या भाकरीचे चार चतकोर केले की 'आता खूप झाली' म्हणून खुशीत जेवते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, गणिताची समज कमी आहे, शिकवणी लावा. फोनवर आलेल्या तक्त्यात या वयापुढे 'पूर्वक्रियात्मक अवस्था' असं लिहिलंय. पोर मागे पडतेय का?
(एक वडील, कुपवाड)

उत्तर : शिकवणी लावू नका. पोर मागे नाही. या वयाचं मूल जसा विचार करतं तसाच ती करतेय. तुम्ही ताटातली ही गोष्ट इतक्या बारकाईने टिपलीत, याचं मला फार कौतुक वाटलं. कारण ज्यांनी हा तक्ता पहिल्यांदा मांडला ते मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे, तेही असेच आपल्या तीन मुलांकडे तासन्‌तास बघत बसायचे आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचे. जन्म १८९६ चा, स्वित्झर्लंडमधला. तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते. चाचणीत मोजायची ती बरोबर उत्तरं. यांचं लक्ष गेलं चुकलेल्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकतात हे त्यांना दिसलं, आणि तिथून पुढे आयुष्यभर त्यांनी त्या चुकांचाच पाठपुरावा केला.

त्यांचा एक प्रयोग मी दरवर्षी छात्राध्यापिकांकडून करून घ्यायचे. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीबरोबर माझ्या ओट्यापाशी पुन्हा केला. दोन सारखी फुलपात्री, दोन्हींत सारखं ताक. 'सारखं आहे ना?' तिने वाकून, डोळे काठाच्या रेषेत आणून बघितलं आणि हो म्हणाली. मग एकातलं ताक तिच्यासमोर उंच, अरुंद ग्लासात ओतलं. 'आता?' लगेच बोट ग्लासाकडे: 'यात जास्त!' परत फुलपात्रात ओतलं, तर 'आता सारखं.' पुन्हा ग्लासात ओतलं, तर 'यात जास्त.' तिला यात कसलाच घोळ वाटत नव्हता. उंची तिच्या डोळ्यांत भरली होती. उंची वाढली तेवढी रुंदी घटली, या दोन गोष्टी एका वेळी मनात धरणं, आणि ओतलेलं मनातल्या मनात उलटं ओतून बघणं, हे अजून तिला यायचं आहे. तुमच्या मुलीला चारची संख्या दिसते, भाकरी दिसत नाही. गोष्ट तीच, आणि तक्त्यातली 'पूर्वक्रियात्मक अवस्था' म्हणजे हीच.

पुढचं तुमच्या तक्त्यात नसेल. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी याच जातीचा एक प्रयोग जरा बदलून केला. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळींतली एक ओळ मोठ्या माणसाने हलवायच्या ऐवजी एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने येऊन विस्कटली. त्याबरोबर कितीतरी जास्त मुलांनी 'तेवढ्याच आहेत' असं बरोबर उत्तर दिलं. मोठं माणूस मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं, काहीतरी बदललं असणार, त्याशिवाय कशाला विचारतील? मीही त्या पोरीला दोन दिवसांनी म्हटलं, 'अगं, या फुलपात्राच्या काठाला टवका गेलाय, ओठ कापेल, दुसऱ्यात ओतूया.' ओतलं, आणि सहज विचारलं. ती म्हणाली, 'तेवढंच आहे की.' तेव्हा तक्त्यात या अवस्थेपुढे असतं ते 'दोन ते सात' हे खुंटीला बांधलेलं वय समजू नका. क्रम बराचसा तसाच राहतो, वर्षं मागंपुढं होतात, आणि विचारणारं माणूस कोण यावरही बरंच ठरतं.

पियाजे जन्मले त्याच वर्षी तेव्हाच्या रशियन साम्राज्यात लेव्ह व्हिगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ जन्मले. क्षयाने ३७ व्या वर्षी गेले. आपल्याकडे वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमची आठवण असलेल्या माणसांना त्या काळचा क्षय म्हणजे काय ते सांगायला नको. एवढ्या थोड्या आयुष्यात त्यांनी सांगून ठेवलं की मुलाला एकट्याला काय येतं यापेक्षा जाणत्या माणसाच्या मदतीने काय जमतं ते बघा, वाढ तिथे चालू असते. तुम्ही एवढंच करा: चतकोर पुन्हा जोडून भाकरी करायला तिलाच सांगा आणि विचारा, 'आता कशी दिसते?' उत्तर काहीही आलं तरी दुरुस्त करू नका. 'कशावरून?' असं विचारा आणि ऐका. रात्रपाळी असेल तर रविवारी करा.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचं गाव विट्याजवळ. मालक गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात, दुकान कोइमतूरला, वर्षातून दोनदा गावी येतात. मुलगा २७ वर्षांचा. इंजिनिअरिंग झाल्यापासून पाच वर्षं पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतोय. दोनदा पूर्व निघाली, मुख्य राहिली. मालक म्हणतात, 'मी चौदाव्या वर्षी चुलत्याबरोबर भट्टीवर गेलो. याच्या वयाला माझं स्वतःचं दुकान होतं. हा अजून पोरच.' मुलगा गावी यायचं टाळतो. लग्नाचं कुणी काढलं की फोन ठेवतो. खरंच तो पोर राहिलाय का? माझं काय, घर रिकामं, दुपार जात नाही, एवढंच.
(एक आई, तालुका खानापूर)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटच्या वाक्याकडे नंतर येते.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण तुमच्या घरातल्या तिघांबद्दल बोलायला मला तेच लागतात. फ्रॉइडच्या पठडीत सगळा भर बालपणावर होता. एरिक्सन यांनी १९५० साली आयुष्याचे आठ टप्पे मांडले, तान्हेपणापासून थेट म्हातारपणापर्यंत. प्रत्येक टप्प्यावर एक पेच पुढे उभा राहतो. तान्ह्या मुलाचा पेच विश्वासाचा: मी रडलो तर कुणी येईल का? मिसरूड फुटताना पेच येतो तो 'मी कोण?' हा. मग 'माझं कोण?' आणि मधल्या वयात 'माझ्यामागे काय राहील, मी कुणाला वाढवलं?'

एरिक्सन यांना स्वतःला खरा बाप कोण ते कधी कळलं नाही. सावत्र वडिलांचं आडनाव लावून ते वाढले. वडिलांची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावं अशी होती. हा मुलगा चित्रं काढत युरोपभर भटकत राहिला. २५ व्या वर्षी व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत मास्तर म्हणून लागला आणि तिथे त्याला आपली वाट दिसली. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. 'एरिक्सन' हे आडनावही त्यांनी १९३९ मध्ये, अमेरिकेचं नागरिकत्व घेताना, स्वतःच लावलं. तरुण माणसाला समाजाने थोडी सवड द्यायला हवी, निर्णयाची घाई करू नये, हे त्यांनी पुढे ठासून मांडलं. स्वतः त्या सवडीवर तगलेल्या माणसाचं ते म्हणणं आहे.

आता तुमचे मालक. त्यांना 'मी कोण' असं विचारायला फुरसतच मिळाली नाही. चौदाव्या वर्षी हातात मूस आली आणि तिच्याबरोबर उत्तरही आलं: मी गलाईवाला. खानापूर-आटपाडीच्या कितीतरी घरांत हे असंच झालं. दुष्काळी माळावरची पोरं परक्या मुलखात भट्टीपाशी मोठी झाली आणि त्यांनी इकडे घरं उभी केली. याबद्दल मला फार आदर आहे. पण जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये यात एक महत्त्वाचा फरक दाखवला. ते दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारायचे. एक, या माणसाने शोध घेतला का? दोन, त्याने कशाला तरी स्वतःला बांधून घेतलं का? तुमच्या मालकांनी न शोधता बांधून घेतलं, आणि ते निभावलं. अशा माणसाला शोधणारं माणूस रिकामटेकडं दिसतं. त्यात मालकांच्या मनाचा खोटेपणा नाही. त्यांना ती अवस्था माहीतच नाही.

पण मुलाबद्दल मला जे वाटतं ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. लोक म्हणतील, तो अजून शोधतोय. मला वाटतं, त्याने शोधणं कधीच थांबवलंय. २२ व्या वर्षी त्याने एक उत्तर निवडलं, 'मी अधिकारी', आणि त्याला घट्ट बांधून घेतलं. बापाने मुशीला बांधून घेतलं तसंच. फरक इतकाच की बापाला त्याच्या उत्तराने रोज संध्याकाळी पैसे दिले, आणि याला वर्षातून एकदा यादी लागते तेव्हा 'तू तो नाहीस' असं कळतं. असं पाच वेळा ऐकलेल्या मुलाला गावच्या यात्रेत कुणी 'काय, कधी होणार साहेब?' म्हटलं तर तो गावी कसा येईल? तो पोर नाही. तो लाजलेला आहे.

जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली १८ ते २५ या वर्षांना एक स्वतंत्र अवस्था मानावं असं सुचवलं: धड किशोर नाही, धड संसारी नाही, अशी चाचपडण्याची वर्षं. त्यावर आक्षेपही आला की ही चैन सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ते तर तुमच्या घरातच दिसतं. मालकांना ती वर्षं मिळाली नाहीत, आणि तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अंदाज येतो. तुम्ही दोघांनी जे घेतलं नाही ते तुम्ही त्याला दिलंत. ते वाया गेलं असं कृपा करून म्हणू नका.

करायचं काय? निकालाचं विचारणं बंद करा. 'दिवस कसा जातो, मेसमध्ये जेवण काय असतं, खोलीवर कोण आहे' असं विचारा. मालक पुढच्या खेपेला आले की बापलेकाला भट्टीची, परीक्षेची नव्हे, गोष्ट बोलू द्या. चौदाव्या वर्षी पहिल्या रात्री कोइमतूरला झोप लागली होती का, हे मुलाने बापाला कधी विचारलंय का? मग तिघांनी मिळून एक मुदत ठरवा, अजून किती प्रयत्न आणि त्यानंतर काय काय करून बघायचं. मुदत त्याच्या तोंडून येऊ द्या. आणि एक गोष्ट न विसरता: झोप उडाली, जेवण तुटलं, 'जगून काय उपयोग' अशी भाषा आली, तर मुदतबिदत बाजूला ठेवून त्याच दिवशी पुण्याला जा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर कधीही फोन करता येतो. तुम्हीही करू शकता.

आता ते शेवटचं वाक्य. मुलावर तुम्ही पानभर लिहिलंत आणि स्वतःवर एक ओळ, तीही 'एवढंच' म्हणून मिटवलीत. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाचा पेच 'साचणं' हा आहे, असं एरिक्सन म्हणतात. त्यावरचा उतारा म्हणजे कुणाला तरी वाढवणं, आणि ते स्वतःच्या पोटचंच असावं लागत नाही. या वयाकडे बघण्यासाठी त्यांनी एक अख्खा ग्रंथ लिहिला तो गांधीजींवर. १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांसाठी गांधीजी उपोषणाला बसले तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. मी तुम्हाला चळवळ करा म्हणत नाही. तुमच्या गल्लीत बचत गट असेल, त्यातल्या दोघीतिघींना तरी हिशोब लिहायला येत नसेल. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीचे चलन, रूमभाडं, दुकानातून येणारे पैसे हे सगळं इतकी वर्षं कुणी सांभाळलं? तुम्ही. दुपारी दोन वाजता त्या दोघींना चहाला बोलवा. पुढच्या पत्रात मुलाबद्दल कमी लिहा.

प्रश्न : वय ७४. मिरजेत आमचा तंबोरे-सतारींचा पिढीजात कारखाना. डोळे आणि हात थकले. भोपळा कापणं, दांडी जोडणं आता मुलगा आणि नातू करतात. मी सकाळच्या उजेडात फक्त जवारी (तार टेकते ती घोडी घासून सूर उघडणं) लावतो, तीही दिवसाला एकच. मुलगा म्हणतो, बाबा, आता आराम करा. या वयात माणसाचा विकास होतो का, की नुसती झीज?
(एक कारागीर, मिरज)

उत्तर : दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्राच्या मधल्या ओळीत आहे.

पॉल बाल्टेस नावाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर हाच प्रश्न अभ्यासत होते. विकास म्हणजे नुसती वाढ, असं ते मानत नसत. प्रत्येक वयात काही मिळतं आणि काही जातं, दोन्ही मिळून विकास, असं त्यांचं म्हणणं. उदाहरण द्यायचे ते आर्थर रुबिन्स्टाइन या पियानोवादकाचं. ऐंशीच्या घरात ते कसे वाजवू शकतात? त्यांनी सांगितलं होतं: थोड्याच रचना निवडतो, त्यांचाच जास्त सराव करतो, आणि जलद भाग यायच्या आधी जरा संथ वाजवतो, म्हणजे पुढचा भाग जलद वाटतो. निवड, सराव, आणि गेलेल्या ताकदीची दुसरीकडून भरपाई.

तुम्ही अंगमेहनतीचं काम सोडलंत आणि कानाचं ठेवलंत. दिवसाला एकच, तीही सकाळच्या उजेडात. घोडीचा माथा कानसीने केसभर घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तार घोडीवर नेमकी कुठे टेकली की सूर उघडतो, हे हात शिकायला जन्म जातो. ते नातवाला अजून येत नाही. आराम कशाला करता? फक्त एक बदल करा: जवारी लावताना नातवाला शेजारी बसवा आणि जे ऐकू येतंय ते तोंडाने बोला. 'आता बंद आहे. आता किंचित उघडला. आता जास्त झालं.' तुमच्या मनात ते न बोलता चालतं, त्याला मात्र ते ऐकायला मिळालं पाहिजे.

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात राहतो. सासूबाई ८६ वर्षांच्या. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी होतं, त्यांना बोटीतून काढलं. तेव्हापासून पावसाळ्यात रात्री दोन-तीनदा उठवतात, 'पुलाला पाणी किती?' म्हणून. उशाशी चपाती बांधून ठेवतात. 'काही झालेलं नाही, झोपा' म्हटलं की चिडतात, 'तुम्ही मला खोटं सांगता' म्हणतात. लहान मुलासारखं झालंय. कसं वागावं?
(एक सून, सांगली)

उत्तर : आधी व्यवहाराचं. घरचीच माणसं ओळखू येत नसतील, रोजची कामं चुकत असतील, दिवस-रात्र उलटी झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सगळंच वयावर ढकलू नये. तसं नसेल तर पुढचं वाचा.

एरिक्सन यांनी आठ टप्पे सांगितले, पण ते सांगितले तेव्हा ते स्वतः पन्नाशीलाही पोचले नव्हते. ते ९१ व्या वर्षी गेले. त्यांच्या पत्नी जोन याही त्यांच्या कामात पहिल्यापासून होत्या. नव्वदी ओलांडलेल्या जोन यांनी मागाहून नववा टप्पा लिहिला, तो १९९७ मध्ये छापून आला. त्यांनी केलेला एक बदल मला फार मोलाचा वाटतो. आठही पेच त्यांनी पुन्हा मांडले, पण उलटे. तान्ह्या मुलाच्या पेचात 'विश्वास' आधी येतो. त्यांनी नव्वदीच्या माणसासाठी 'अविश्वास' आधी लिहिला. पाय धरेल की नाही याचा भरवसा नाही, कान आणि डोळे दगा देतात, बरोबरीची माणसं एकेक करून गेली. पहिल्या वर्षी सोडवलेला पेच शेवटी परत दारात येतो: मी हाक मारली तर कुणी येईल का? सासूबाई लहान झालेल्या नाहीत. ८६ वर्षांचं सगळं जाणणाऱ्या बाईपुढे तो प्रश्न आलाय, आणि २०१९ मध्ये त्यांनी त्याचं कारण डोळ्यांनी पाहिलंय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर पाणी गेलं होतं. तुमच्या-माझ्या शहरात कुणीही ते विसरलेलं नाही.

माझ्या आईचं असंच झालं होतं. तीही रात्री हाक मारायची, आणि मीही 'काही नाही, झोप' म्हणायचे. एका रात्री ती म्हणाली, 'काही नाही म्हणजे किती?' मला उत्तर देता आलं नाही, कारण मी आकडा पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पेपरातून पातळी बघून सांगितली: 'आज साडेअठरा फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.' तिने मनात वजाबाकी केली. 'म्हणजे अजून साडेएकवीस आहे इशाऱ्याला,' म्हणाली, आणि कूस बदलली.

त्यानंतर मी तिच्या खाटेशी नातवाची जुनी पाटी टांगली आणि रोज संध्याकाळी त्यावर आकडा लिहायला लागले. पाणी चढलं तर चढलेला लिहायचा. एकदा बत्तीस लिहिताना माझा हात थबकला, पण लिहिला, आणि खाली लिहिलं, 'चाळीस झाले तर विश्रामबागेला ताईकडे जायचं, पिशवी भरलेली आहे.' त्या रात्री तिने कुणाला उठवलं नाही. बॅटरी लावून पाटी वाचलेली मला दाराच्या फटीतून दिसली.

उशाची चपाती काढून घेऊ नका. रोज ताजी बांधून द्या, शिळी तुम्ही घ्या. आणि पाटीवर आकडा मोठा काढा, चष्मा नसतानाही दिसेल एवढा.